बाबासो मुकादम हळू बोलू लागले

आमचे आण्णा घरी यायच्या आधी त्यांचा आवाज येतो. ते नाक्यावर बसमधून उतरतात, पानवाल्याला "काय रं, धंदापानी?" एवढंच विचारतात, आणि इकडे आमच्या अख्ख्या रांगेला कळतं की बाबासो मुकादम आले. आई चहाचं आधण ठेवते. आधणाला उकळी येते आणि दारात आण्णा. भिंतीवरचं घड्याळ मागच्या दिवाळीपासून बंद आहे. त्याला सेल आणायचं कुणाच्या लक्षातही येत नाही.

अशा माणसानं एकदा हळू बोलायचं ठरवलं आणि त्यापायी आमचा किसनदादा कॉलेज सोडून गावाला निघाला, त्याची ही हकिकत.

आण्णा तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात हमालांच्या टोळीचे मुकादम. मूळ गाव पाटणच्या डोंगरात. मिसरूड फुटायच्या आत मशीद बंदरला आले, पाठीवर गोणी घेतली, आणि बाजार खाडी ओलांडून इकडे आला तेव्हा बाजाराबरोबर तेही आले. पुढे कोपरखैरण्यात माथाडी कामगारांची वसाहत झाली, त्यात आम्हाला घर मिळालं. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, आणि दोन्हीत मिळून मावणार नाही एवढा आण्णांचा आवाज.

तो आवाज म्हणजे त्यांचं कामच. पाठीवर गोणी असलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही. मान खाली, डोळ्यांपुढे फक्त स्वतःची पावलं आणि कांद्याची टरफलं. तो चालतो मुकादमाच्या आवाजावर. "येऊ दे, येऊ दे, सरळ. डावं घे. फळी हाय, दमानं. म्होरं गाय बसलीय, तिला कळत न्हाय, तूच समज." ट्रक रिकामा होईपर्यंत आण्णा हे बोलत राहतात आणि त्यांच्या टोळीत कुणी कधी गायीवर पडलेलं नाही. शेजारच्या गाळ्यातले शेठ मात्र फोनच्या तोंडावर हात धरून म्हणतात, "बाबासोभाय, जरा धीमे बोल ने, इंदोरवाला मला विचारते, तुमच्याकडे मारामारी चालू हाय काय." आण्णा म्हणतात, "शेठ, ह्यो माझा धीमाच हाय."

किसनदादा म्हणजे आण्णांच्या थोरल्या भावाचा, गावाकडच्या मानसिंग आप्पांचा मुलगा. शहाण्णव साली त्याला बारावीला असे काही मार्क पडले की नवी मुंबईतल्या एका इंजिनियरिंग कॉलेजात त्याचा नंबर लागला. आमच्या घराण्यातलं कुणी तोवर कॉलेजच्या दारातून आत गेलं नव्हतं. आण्णा एकदा गेले होते, पण ते कॅन्टीनला बटाटे पोचवायला.

तो आला तोही कांद्याबरोबर. आमच्या गावचे नामदेव काका लोणंदच्या कांद्याचा ट्रक घेऊन दर आठवड्याला तुर्भ्याला येतात. त्यांच्या शेजारी मांडीवर पत्र्याची ट्रंक धरून बसलेला किसनदादा मार्केटात उतरला आणि घरी यायच्या आधीच टोळीनं त्याला वजनकाट्यावर उभा केला. टोळीत नवा माणूस आला की आधी काट्यावर चढवायचा, हा त्यांचा रिवाज. इथलं पाणी त्याला मानवलं की नाही ते पुढं बघता येतं. किसनदादा एक गोणी आणि वर पिशवीभर कांदे एवढा भरला.

"इंजिनियर हलका हाय," टोळीतले बाजीराव काका म्हणाले.

"डोकं भरलं की वाढंल वजन," आण्णा म्हणाले, आणि त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. तो हार घालूनच दोघं बसमधून घरी आले. कंडक्टरनं विचारलं, निवडणुकीला उभा आहे का.

त्या संध्याकाळी आण्णा आमच्या रांगेच्या मधोमध उभे राहिले आणि शेवटचं मोठ्यानं बोलले. "ऐका रं समदी. आजपासनं माझ्या घरात अभ्यास हाय. कुनी वरडायचं न्हाय. भांडायचं आसंल तर पलीकडच्या गल्लीत जावा."

दुसऱ्या दिवसापासून ते घरी कुजबुजायला लागले.

आण्णांची कुजबुज ऐकण्यासारखी होती. त्यांना हळू बोलायची सवयच नाही, त्यामुळे शब्द निघायचेच नाहीत, नुसती हवा निघायची, आणि गळ्याच्या शिरा मात्र ओरडताना फुगतात तेवढ्याच फुगायच्या. "राहे, च्या दे" एवढं म्हणताना त्यांचा चेहरा लालभडक व्हायचा. आईला वाटायचं ठसका लागला, ती चहाऐवजी पाणी द्यायची. शिंक आली की ते लुंगी सावरत नाक्यापर्यंत पळत जायचे, तिथं शिंकायचे आणि परत यायचे.

आईनं शेगडी पुढच्या खोलीत मांडली आणि कुकरची शिट्टी होऊच द्यायची नाही असं ठरवलं. वाफ फुरफुरायला लागली की ती कुकर उचलून बाजूला ठेवायची. आम्ही दोन महिने दातात कचकचणारी डाळ खाल्ली. बांगड्या वाजू नयेत म्हणून तिनं हातांना रुमाल बांधले, येणारीजाणारी विचारायची, "राहीबाई, पोळलं काय गं?" टीव्हीचा आवाज बंद, नुसतं चित्र चालू. बातम्या सांगणारी बाई आमच्याकडे मुकी झाली. दारावर मी पुठ्ठा लावला, "शांतता राखा. इंजिनियर अभ्यास करत आहेत." पोस्टमन तो वाचून चपला हातात घेऊन यायचा.

आणि मला नकला करायला बंदी. "मोने, तोंडाला कुलूप," आण्णा हवा सोडत म्हणाले. शेठ नाही, कंडक्टर नाही, शाळेतल्या बाई नाहीत. ते मला किती जड गेलं ते सांगत नाही, कारण ही गोष्ट माझी नाही.

दिवाळे गावाहून मासे विकायला येणारी बयाबाई तेवढी ऐकेना. तिची आरोळी पहिल्या घराशी सुरू व्हायची आणि शेवटच्या घरापर्यंत पुरायची. आण्णांनी तिला हात जोडून कुजबुजत सांगितलं, बाई, जरा हळू. ती पाटी खाली ठेवून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मंग काय मी खुना करून इकू? बोंबील हाय म्हून असं बोट हालवू? आन कोलंबी आसली तं?" आण्णांनी तिच्याकडून सगळी कोलंबी घेतली आणि तिला परत पाठवली. दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम दोनदा आली.

आता एक गोष्ट आम्हा सगळ्यांना ठाऊक होती आणि एकालाही आठवली नाही. किसनदादाचं गावाकडचं घर. त्या घरात आप्पा, त्यांचे दोन धाकटे भाऊ, सगळ्यांच्या बायका, मुलं, दोन म्हशी आणि एक रेडिओ. घर डोंगराच्या उतारावर, शेतं वर-खाली. तिथं माणूस माणसाशी बोलतो तो एका बांधावरून दुसऱ्या बांधावर. आप्पांची हाक खालच्या ओढ्यातून येते, "किसनाऽऽ", आणि किसनदादा असेल तिथून "ओऽऽ आलोऽऽ" देतो. एकदा ओ दिली की जायचं, मग हातातलं ताट टाकून जावं लागलं तरी. बारावीचा अभ्यास त्यानं त्याच गोंगाटात केला होता. पाठीमागं दोन चुलत्या भांडतायत, पुढं म्हैस हंबरतेय, आणि हा मधे बसून गणितं सोडवतोय.

त्याला आम्ही स्वयंपाकघरात एकटा बसवला आणि मधलं दार लावून घेतलं.

सुरुवातीला आतून त्याच्या गुणगुणण्याचा आवाज यायचा, तो बंद झाला. मग तो "पोट भरलंय काकी" म्हणायला लागला. सकाळी डोळे तांबारलेले असायचे. पुस्तकाचं एकच पान उघडं असायचं. त्यावर आमटीचा डाग पडला होता आणि पुढचा पूर्ण आठवडा मी तोच डाग बघत होते. आई म्हणाली, "पोरगं वाळलं." आण्णांनी विचार केला आणि निदान काढलं: अजून आवाज होतोय.

मग गल्लीच गप्प झाली. किसनदादा खांद्याला ड्रॉइंगचं सामान अडकवून कोपऱ्यावर दिसला की नळावरच्या बायका बोलता बोलता थांबायच्या. पोरं बॅट मागे लपवून भिंतीला चिकटायची. तो दोन्हीकडे बघत, खाली मान घालून घरात जायचा, आणि दार लागल्यावर सगळे श्वास सोडायचे. रविवारी टोळीतली माणसं त्याला भेटायला यायची. पण बोलायचं नाही म्हटल्यावर करणार काय? ती पुढच्या खोलीत ओळीनं मांडी घालून बसायची, कोरा चहा प्यायची, त्याच्याकडे बघून मान हलवायची, जाताना त्याच्या गुडघ्यावर थोपटायची. बाजीराव काका तर दारातून वळून एकदा डोळे पुसून गेले. नंतर कळलं, त्यांच्या डोळ्यात कुसळ गेलं होतं.

दिवाळी आठवड्यावर आली तेव्हाची गोष्ट. सहामाही संपून मी शाळेतून येत होते, तर क्रांतीताई धावत समोर आली. क्रांतीताई म्हणजे नाल्यापलीकडच्या सिडकोच्या बिल्डिंगमधली, किसनदादाच्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. तिचे वडील कोकणातले, महापालिकेत क्लार्क. ती बोलते म्हणजे टाइपरायटर चालतो.

"मोनाली, ऐक ना, टेन्शन घेऊ नको, पण तुझा दादा आत्ता तुर्भ्याच्या बसमध्ये चढला. ट्रंक घेऊन. मी हाक मारली, त्यानं बघितलंच नाही यार. आणि कॉलेजला तर तो तीन आठवडे आत येतच नाहीये. गेटसमोरच्या बाकावर बसतो, ते ड्रॉइंगचं सगळं गळ्यात घालून. संध्याकाळ झाली की उठतो. मी विचारलं ना त्याला परवा."

ट्रंक म्हटल्यावर मला वार आठवला. त्या दिवशी नामदेव काकांचा ट्रक येतो. गावाला जायचं आणि घरात कुणाला सांगायचं नाही, तर किसनदादाला ठाऊक असलेला जगात एकच रस्ता होता, आणि तो नेमका आण्णांच्या मार्केटातून जात होता.

आम्ही दोघींनी पुढची बस पकडली. बसमध्ये मी विचारलं, "काय म्हणाला तो परवा?"

क्रांतीताईनं आधी तिकिटाची बारीक घडी घातली. एरवी ती विचारायच्या आधी उत्तर देते. "म्हणाला, घरात माझ्याशी कुणी बोलत नाही. मी दिसलो की सगळे बोलायचे थांबतात. लोक येतात, बघतात, मान हलवतात नि जातात. गावाला असं कुणी गेलं तरच करतात म्हणाला. माझं काहीतरी मोठं चुकलंय आणि मला सांगत नाहीयेत. वर्गात इंग्लिश डोक्यावरून जातं, छातीत धडधड होते, झोप नाही, आणि घरी आलं की असं." मग ती माझ्याकडे वळली. "काय गं, भांडण-बिंडण झालंय का तुमचं?"

मला आमची पुढची खोली आठवली. ओळीनं बसलेली माणसं. कोरा चहा. थोपटलेला गुडघा. माझा पुठ्ठा.

मार्केटात आण्णा ट्रकच्या तोंडाशी उभे होते आणि टोळी गोण्यांखाली चालत होती. "येऊ दे, सरळ येऊ दे." मी त्यांच्याजवळ गेले आणि सगळं सांगितलं. पण दोन महिन्यांची सवय लागलेली, माझ्या तोंडून नुसती हवा निघाली.

"मोठ्यानं बोल की," आण्णा ओरडले. "हितं काय कुनी अभ्यास करतंय?"

मी मोठ्यानं सांगितलं. ट्रंक, बाक, धडधड, सगळं. शेवटचं वाक्य किसनदादाच्याच आवाजात बाहेर आलं, तोच पाटणचा हेल, मी काही ठरवून केलं नाही. "गावाला कुनी मेलं तरच आसं गप बसत्यात."

आण्णा गप्प झाले. मुकादम गप्प झाला तशी गोण्यांखालची माणसं होती तिथं थांबली. पुढं फळी आहे की गाय, त्यांना कसं कळणार. बाजीराव काका गोणीखालून म्हणाले, "मुकादम, काय हाय म्होरं? जिवंत हाय का आमी?"

आण्णांनी छाती भरून घेतली. मग ती हाक आली. दोन महिने घरी हवेत घालवलेला सगळा आवाज त्यांनी साठवून ठेवला असावा.

"किसनाऽऽऽऽ."

शेठच्या हातातला फोन पडला. छपरावरची कबुतरं उडाली ती संध्याकाळपर्यंत आली नाहीत. गाय उठून उभी राहिली, जे तिनं भरलेल्या ट्रकसाठीही कधी केलं नव्हतं. आणि मागच्या गेटाकडून, रिकाम्या ट्रकांच्या रांगेतून, उत्तर आलं.

"ओऽऽ आलोऽऽ."

द्यायची नव्हती त्याला ओ. ती त्याच्या तोंडातून आपोआप निघाली, दोघा भावांचा आवाज एकसारखाच, आप्पांनी ओढ्यातून मारावी तशी हाक. आम्ही पळत गेलो तेव्हा तो नामदेव काकांच्या केबिनमध्ये तोंडावर हात धरून बसला होता, आणि नामदेव काकांनी चालू केलेलं इंजिन बंद केलं होतं.

"उतर बाबा," ते म्हणत होते. "मी निघालोच हुतो. पर तू ओ दिलीस. आता जायाला लागतंय."

किसनदादा उतरला. आण्णांच्या समोर खाली मान घालून उभा राहिला. आजूबाजूला टोळी जमली, काहींच्या पाठीवर अजून गोण्या होत्या.

"आण्णा, मला जमत न्हाय," तो म्हणाला.

"अभ्यास?"

"त्यो बी. पर त्याच्या आधी घर. माजं काय चुकलं ते तरी सांगा. शिव्या द्या. मारा पायजे तर. आसं गप नका बसू."

"आरं, तुज्यासाठी गप हुतो आमी. तुला अभ्यास करता यावा म्हून."

किसनदादानं वर बघितलं. एकेकाकडे बघितलं. बाजीराव काकांकडे जरा जास्त वेळ. "माज्यासाठी? मग रविवारी तुमी रडत का जायचा?"

"कुसळ गेलं हुतं रं," बाजीराव काका म्हणाले. "बायकोला इचार."

कुणीतरी फुसकन हसलं. मग हसू गोण्यांखालून पसरलं, गोण्या हलायला लागल्या, आणि मधे आण्णा एकटेच हसत नव्हते. ते ट्रकच्या टायरवर टेकले.

"पोराच्या पाठीवर वजन दिलं," ते स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, म्हणजे पलीकडच्या मसाला मार्केटातही ऐकू गेलं असेल. "आन हाक बंद केली. मी मुकादम हाय का कोन हाय?"

त्यांनी त्याला हाताला धरून काट्यावर उभा केला. काटा हलला आणि थांबला. गोणीला पिशवीभर कांदे कमी. आता कुणी हसलं नाही.

"आण्णा, तरी मी जातो," किसनदादा काट्यावरूनच म्हणाला. "मला लई भ्या वाटतंय."

मला वाटलं, आता आण्णा गरजणार. ते म्हणाले, "जा. पर नामदेवच्या म्होरल्या खेपंला जा. तवर ऱ्हा. ट्रंक गाडीतच ऱ्हाऊ दे, म्हंजी पुन्हा घरनं उचलून आनायला नको. ज्या खेपंला वाटंल त्या खेपंला बस, मी आडवनार न्हाय. मानसिंग दादाला मी सांगतो."

असं ठरलं. ट्रंक केबिनमध्ये राहिली, किसनदादा आमच्याबरोबर आला.

घरी आल्यावर आईनं सगळं ऐकलं, हातांचे रुमाल सोडले, आणि कुकरला इतक्या शिट्ट्या दिल्या की डाळीची खीर झाली. पण शिट्ट्यांनी झोप येत नाही. ते क्रांतीताईनं सांगितलं. तिच्या कॉलेजातल्या मॅडमनी वाशीच्या एका दवाखान्यातल्या मनाच्या डॉक्टरांचं नाव दिलं होतं, ते घेऊनच ती दारात उभी.

"मनाचा डॉक्टर म्हंजी डोक्याचा?" आई म्हणाली. "आगं बाय, पोरगं काय खुळं हाय का?"

"काकू, तुम्ही चष्म्याचा नंबर काढायला गेलात ना, तेव्हा काय आंधळ्या होतात? त्याला झोप नाही, भूक नाही, धडधड होते. बरं होतं ते. माझी मावशी जात होती, आता बघा, शाळेत हेडबाई आहे, पोरं थरथर कापतात."

आई हेडबाईवर राजी झाली.

दवाखान्यात आण्णा बरोबर गेले, मीही गेले. डॉक्टर एक वयस्कर बाई होत्या. बोलणं इतकं मऊ की खुर्ची पुढे ओढायला लागायची. त्यांनी किसनदादाशी एकट्याशी बराच वेळ बोलून घेतलं, मग आम्हाला आत बोलावलं.

"नवीन जागा, नवीन भाषा, उडालेली झोप," त्या म्हणाल्या. "घरापासून पहिल्यांदा लांब आलेल्या पुष्कळ मुलांचं असं होतं. झोपेसाठी थोडे दिवस गोळी देते. दर आठवड्याला येऊन माझ्याशी बोलायचं. या परीक्षेला सगळे विषय नाही झेपले तर एखादा मागे ठेवायचा, आभाळ कोसळत नाही. आणि घरी तुम्ही त्याच्याशी नेहमीसारखं बोला."

"नेहमीसारखं म्हंजी कसं?" आण्णांनी विचारलं.

बाहेर बसलेला एक पेशंट आपलंच नाव पुकारलं असं समजून आत आला. डॉक्टरबाईंनी त्याला परत पाठवला आणि चष्मा काढून पुसला.

"नेहमीपेक्षा किंचित कमी," त्या म्हणाल्या.

दारावरचा पुठ्ठा मी काढला. टीव्हीवरच्या बाईला वाचा फुटली. पोरं परत दारासमोर खेळायला लागली आणि पहिल्याच दिवशी आमची काच फुटली. आण्णा नाक्यावरून बोलू लागले. मधलं दार उघडं ठेवलं, आणि त्या दारात बसून आण्णांच्याच सांगण्यावरून मी बयाबाई केली. कोलंबीची खूण करणारी बयाबाई. किसनदादा भाकरी खात होता. घास तोंडात, आणि तो हसला, आणि घास घशात अडकला, आणि आईनं त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की गल्लीला ऐकू गेला. दोन महिन्यांत त्याला कुणी हात लावला असेल तर तो गुडघ्यावर थोपटायला. पाठ चोळत तो म्हणाला, "आजून एक भाकरी द्या काकी."

पुढे तोही करायला लागला. त्याच्या वर्गावरचे एक सर दर वाक्याला "यू सी, माय बॉइज" म्हणून डस्टर आपटायचे. किसनदादा आईचं लाटणं पोळपाटावर आपटून अख्खा तास म्हणून दाखवायचा. त्यातला अर्धा त्याला कळलेला असायचा. कधी पाऊण. काही दिवस वाईटही जायचे. तो पांघरूण डोक्यावर घेऊन पडून राहायचा, कॉलेजला जायचाच नाही. तेव्हा आण्णा शेजारी बसून त्याला मार्केटातलं काहीबाही सांगत राहायचे, ऐकतोय की नाही ते न बघता. गोणीखालच्या माणसाशी बोलावं तसं.

आणि दर आठवड्याला नामदेव काका यायचे. "काय, बसतोस का?" ते विचारायचे. किसनदादा एकदा "बघू" म्हणाला, एकदा "पुढच्या खेपंला" म्हणाला. एकदा तर केबिनमध्ये चढून बसला, आणि क्रांतीताईकडून आणलेलं पुस्तक परत द्यायचं राहिलंय म्हणून उतरला. ट्रंक लोणंदला जायची, परत यायची. "तुज्या ट्रंकेनं जेवढा घाट बगितला," नामदेव काका म्हणायचे, "तेवढा मी लगीन जमवताना बगितला न्हाय."

थंडी पडली तेव्हा, एका शनिवारी, मी आण्णांचा डबा द्यायला मार्केटात गेले होते. लोणंदचा ट्रक रिकामा होत होता. गोण्यांच्या रांगेत शेवटी एक माणूस चालत येत होता, त्याच्या पाठीवर गोणी नव्हती, पत्र्याची ट्रंक होती. मान खाली, डोळ्यांपुढे फक्त स्वतःची पावलं. आण्णांनी ट्रंक बघितली. मग ते म्हणाले, "येऊ दे, येऊ दे. सरळ. डावं घे. फळी हाय, दमानं. गाय हाय, तिला कळत न्हाय, तू समज."

किसनदादा गायीला वळसा घालून त्यांच्यापर्यंत आला आणि ट्रंक खाली ठेवली.

"स्वेटर हाय त्यात," तो म्हणाला. "सकाळचं गार लागतंय."

"लागतंयच," आण्णा म्हणाले.

ट्रंक आता पुढच्या खोलीतल्या पलंगाखाली आहे. पहिल्या परीक्षेत त्याचा एक विषय राहिला, तोच डस्टरवाल्या सरांचा. त्याचं सगळ्यांत जास्त दुःख मला झालं. गेल्या आठवड्यात दुसरी परीक्षा सुरू झाली. आण्णा पुढच्या खोलीत बाजीराव काकांना इंदोरच्या बटाट्यांविषयी सांगत होते. आतून आवाज आला.

"आण्णा, हळू बोला की जरा. उद्या पेपर हाय."

आण्णा थांबले. त्यांनी बाजीराव काकांकडे बघितलं, आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग ते चटकन उठले, चपला न घालताच बाहेर गेले, आणि रांगेच्या मधोमध उभे राहिले.

"ऐकलं का रं समद्यांनी? किसनानं मला गप केलं. म्हनला, हळू बोला. मला म्हनला. बाबासोला."

"आण्णा," आतून किसनदादा ओरडला, आणि ती हाक नाक्यावरच्या पानवाल्यापर्यंत गेली. "हळू."